शनिवारचं तेल

"काट्यावर नजर ठेव," हे म्हणाले. "बाकी काही बघू नकोस. माझ्याकडं पण नको."

हे म्हणजे माझे यजमान, हणमंत. कमरेचा पट्टा आवळता आवळता बोलत होते. मी पवनचक्कीच्या पायाशी, तेलाच्या दाबाच्या गेजसमोर उभी होते, कडेवर शमी. तिला नुकतं कुठं बसता येऊ लागलं होतं. आषाढाचे दिवस. आमच्या पठारावर पाऊस नावाला आणि वारा उदंड. शमीचं टोपरं उडू नये म्हणून मी तिच्या डोक्यावर हात दाबून धरला होता.

"आणि काटा पडला तर?"

"दोरी ओढायची. मी हात काढून घेतो."

"दोरी ओढलेली कळलीच नाही तर?"

"तर मग फोड बांगड्या."

"मेल्या, चूळ भर आधी!" ओसरीवरून आत्या ओरडल्या. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात. एवढ्या वाऱ्यातही त्यांना नेमकं नको ते ऐकू जायचं. "वर चढताना माणूस देवाचं नाव घेतं. आणि ह्याची जीभ बघा."

"तुझा मारुती हाय की खाली. पडलो तर झेलंल."

"हसण्यावारी नेऊ नगंस त्याला. त्याच्यापायी झालायस तू."

हे खरं होतं. निदान आत्यांच्या लेखी खरं होतं. लग्नानंतर बरीच वर्षं त्यांना मूल नव्हतं. मग त्यांनी वेशीवरच्या मारुतीला नवस बोलला, आणि हे झाले. नाव हणमंत ठेवलं, आणि त्या दिवसापासून दर शनिवारी वाटीभर तेल मारुतीच्या डोक्यावर घालायचा नेम धरला. ताप असो, सुगी असो, घरात लग्न असो, त्यांचा शनिवार कधी चुकला नाही. माझ्या बाळंतपणाची कळ शनिवारी सुरू झाली, तेव्हा गाडी वेशीवर थांबवून त्या तेल घालून आल्या होत्या. मी मागच्या सीटवर ओठ चावत पडून होते.

हे वर चढू लागले. शिडीची एकेक पायरी वाजत होती, पट्ट्याला बांधलेली दोरी मागोमाग वर जात होती. मी काट्याकडं बघत राहिले.

ती पवनचक्की त्यांनी स्वतः बांधली होती, आणि खरं सांगायचं तर माझ्यासाठी बांधली होती. आमच्या पठाराच्या कडेनं कंपन्यांच्या मोठाल्या पवनचक्क्या उभ्या आहेत. त्यांतल्या एका कंपनीत हे दुरुस्तीला होते. त्या चक्क्यांचं सगळं दुखणं डोक्यावर असतं. गिअरबॉक्स वर, जनरेटर वर. काही बिघडलं की माणसानं ढगात जायचं. लग्नानंतर मी दुपारी भांडी घासायला अंगणात बसायची ती त्या चक्क्यांकडं तोंड करून. कुठलं पातं थांबलंय ते बघायचं, म्हणजे आज हे कुठं असतील ते कळायचं. कराडच्या कॉलेजात बी.एस्सी. केलं होतं मी, वनस्पतिशास्त्रात. पण माझा सगळा अभ्यास तेव्हा थांबलेल्या पात्यांचा होता.

शमीच्या वेळी दिवस राहिले आणि मी एकदा जेवताना म्हटलं, "आता नका चढू."

मला वाटलं होतं हे हसतील. हे घास हातात धरून बसून राहिले. आणि महिन्याभरात नोकरी सोडून आले.

"सगळं खाली आणतो बघ," म्हणाले. जमिनीवर खडूनं आकृती काढून मला समजावलं. वर फक्त पाती, आणि पात्यांच्या मागं एक तेलाचा पंप. पाती फिरली की पंप तेल दाबतो, ते पाइपातनं खाली येतं, खाली एक मोटर आहे ती त्या तेलाच्या जोरानं फिरते, आणि तिच्यावर विहिरीचा पंप चालतो. तेल दुसऱ्या पाइपानं परत वर. "वर गिअर न्हाई, वायर न्हाई, काय न्हाई. तेलच खाली येऊन काम करतंय. थांबवायची असली तरी खालनंच. हा कॉक बंद केला की तेलाला वाट न्हाई. तेल अडलं की पंप अडतो, पंप अडला की पाती अडतात. मला चढायचं कामच न्हाई. वर्षातनं कधीतरी एकदा."

"एकदा तरी कशाला?"

"नट आवळायला. लोखंडच हाय शेवटी."

तेल कुठलं घालायचं यावरून मात्र घरात महाभारत झालं. चक्की विहिरीच्या काठाला. आत्यांनी बजावलं की ते काळं मशीनचं तेल गळून विहिरीत उतरलं, तर हे लेकरू प्यायचं काय? मग ह्यांनी गावातल्या शौकतभाईंना विचारलं. शौकतभाई जेसीबीच्या पाइपांची, पंपांची कामं करायचे. पंप त्यांनीच आणून दिला होता, त्या भागात तेलाच्या दाबाचं त्यांच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं.

"करडईचं तेल?" शौकतभाई म्हणाले. "म्हणजे पवनचक्कीत भजी तळायची का?"

"चालंल का न्हाई, ते सांगा."

"चालंल. गाळून घाला. अन् स्वच्छ ठेवा. तेलात कचरा गेला की मग मला बोलवू नका, मौलवीला बोलवा."

म्हणून करडईचं तेल. चक्कीच्या पायाशी एक पत्र्याचं पिंप ठेवलं होतं, वर लाकडी झाकण, बाजूला हातपंप. वरचं तेल थोडं थोडं गळायचं, कमी झालं की हे पिंपातलं तेल हातपंपानं वर चढवायचे. त्या तेलाचा वास स्वयंपाकघरासारखा यायचा. आत्यांना ती चक्की तेव्हापासून आपली वाटू लागली. आधी त्या तिला 'ते यंत्र' म्हणायच्या. मग एकदा म्हणाल्या, "वाऱ्यावर चालतंय, तेल पितंय. मारुतीचंच हाय की हे."

आदल्या दिवशी शनिवार होता. पात्याच्या बुडाशी कटकट आवाज येऊ लागलाय, उद्या चढून बघावं लागेल, असं ह्यांनी सकाळी चहा पिताना सांगितलं. आत्या देवळाला गेल्या आणि नेहमीपेक्षा उशिरा आल्या. शमीला पायावर घेऊन न्हाऊ घालत होते, तेव्हा मला त्या दारातून दिसल्या. किटली घेऊन पिंपाजवळ उभ्या होत्या. झाकणावर हात ठेवून काहीतरी पुटपुटत होत्या. मला वाटलं, नमस्कार करतायत. सणाला त्या नांगराला, जात्याला, शिलाई मशीनला, सगळ्यांनाच हळदकुंकू लावायच्या. शमीच्या नाकात पाणी गेलं म्हणून मी मान खाली घातली. संध्याकाळी ह्यांनी हातपंपाचे दांडे मारून तेल वर चढवलं, म्हणजे सकाळी चढण्याआधी सगळं ठीकठाक.

"पोचलो!" वरून आवाज आला.

ह्यांनी चढण्याआधी कॉक बंद केला होता. पाती मंद होत होत थांबली होती. वारा त्यांना ढकलत होता आणि खाली तेल अडलेलं होतं, त्यामुळं गेजचा काटा हिरव्या पट्ट्यात उभा थरथरत होता. तो तिथं आहे तोवर पाती हलणार नाहीत. ह्यांनी मला दहादा सांगितलं होतं, आणि मी शमीला दूध पाजताना, तिचा लंगोट बदलताना ते मनात घोकलं होतं. काटा हिरव्यात, पाती थांबलेली. काटा पडला, पाती सुटली.

वरून पान्याचा आवाज येत होता. शमीनं माझ्या गळ्यातली पोत तोंडात घातली होती.

मग एक जोराचा झोत आला. असे झोत येतात. काटा लालमध्ये उडाला आणि वर फस्स झालं. त्याचंही मला माहीत होतं. दाब फार झाला तर पाइप फुटू नये म्हणून वर पंपाजवळ एक झडप असते. ती क्षणभर उघडते आणि पुन्हा मिटते. काटा परत हिरव्यात येतो.

काटा परत हिरव्यात आला. पण थांबला नाही. खाली खाली येत राहिला.

मी दोरी ओढली. एका हातानं. दोरीला वाऱ्यानं पोट आलं होतं, पतंगाच्या सुतासारखं. ओढलेलं सगळं त्या पोटातच जात होतं. मी ओरडले. आवाज माझ्या मागं, पठाराच्या उतारावर गेला असणार.

मी शमीला खाली ठेवलं. मुरुमावर. गोधडी न घालता मी तिला कधी जमिनीवर ठेवलं नव्हतं. दोरी दोन्ही हातांना गुंडाळली आणि अंगाचा सगळा भार टाकून बसले.

दोरी ताणली गेली.

एक आवाज झाला. ओलं धुणं दगडावर आपटावं तसा. वर बघू नकोस असं हे म्हणाले होते, पण मी बघितलं. पाती फिरत होती. वेग घेत होती. हे पट्ट्याला लटकून, शिडीला एका हातानं धरून बाजूला झाले होते, आणि दुसरा हात चिंधीसारखा लोंबत होता.

आत्यांनी किंकाळी फोडली. मी नाही. मी काट्याकडं बघितलं. तो तळाला होता. मग मी दोरी हातांवरून सोडवली, नीट, गाठ न पडू देता.

हे एका हातानं उतरले. शेवटच्या पायरीवर बसले. तोंड पिठासारखं पांढरं.

"दोरी चांगली ओढलीस," म्हणाले. "डोकं मधी होतं माझं."

मिरजेच्या दवाखान्यात डॉक्टरांनी दंडाचं हाड तुटल्याचं सांगितलं. ते जुळेल म्हणाले. मग एक सुई घेतली आणि ह्यांच्या बोटांना टोचत गेले.

"कळतंय?"

"न्हाई."

"इथं?"

"न्हाई."

"इथं तरी?"

हे माझ्याकडं बघत होते. मी शमीचं तोंड उघडून आत बोट फिरवत होते. तिच्या गालाच्या आतल्या बाजूला मुरुमाचा खडा असणार अशी माझी खात्री होती. ती रडत होती, नर्स म्हणाली, "बाई, इकडं लक्ष द्या, डॉक्टर बोलतायत." डॉक्टर सांगत होते की दंडातून जाणारा मज्जातंतू चिरडलाय, परत जाणीव येईल की नाही हे आत्ताच सांगता येणार नाही. मला प्रत्येक शब्द कळत होता. एखाद्या झाडाचं वर्णन ऐकावं तसं मी ते ऐकलं. बोट फिरवत राहिले. खडा नव्हता.

वस्तीवरच्या बाया भेटायला आल्या तेव्हा मी त्यांना चहा केला. परत जाताना एक दुसरीला म्हणाली, "शिकल्याली हाय न्हवं. काळीज पुस्तकात ऱ्हातंय ह्यांचं." मला राग आला नाही. कपबशा विसळल्या.

हाताचं प्लॅस्टर निघायच्या आधी शौकतभाई आले. चढून वरची झडप उतरवून आणली आणि ओसरीवर वर्तमानपत्र पसरून त्यावर खोलायला बसले. हे बाजेवर होते. आत्या उंबऱ्यात, मी शमीला घेऊन खांबाला टेकून.

"दाब सुटला म्हणजे झडप मिटली न्हाई," शौकतभाई बोलत बोलत पाना फिरवत होते. "आता मिटली न्हाई ती का, ते बघू. नवी झडप. मी स्वतः बसवल्याली."

आतून एक स्प्रिंग निघाली. मग एक पोलादी गोळी, मण्याएवढी. ती जिथं बसते त्या गोल कडेवर काहीतरी चिकटलेलं होतं. शौकतभाईंनी ते सुईनं उकरून कागदावर काढलं.

लाल होतं. नखाएवढी खपली. तेलानं भिजलेली. तिची कड मला खांबापासून दिसत होती. थरावर थर होते, कांद्यासारखे. तांबडा, केशरी, पुन्हा तांबडा. तसे थर एकाच ठिकाणी असतात. वर्षानुवर्षं शेंदूर आणि तेल, शेंदूर आणि तेल असं ज्याच्या अंगावर चढत जातं त्याच्या अंगावर. त्याच्या पायाशी एक दगडी कुंडी असते, अंगावरून ओघळलेलं तेल तीत साचतं. गुडघे दुखणारी माणसं ते वाटीतनं घेऊन जातात. अंगारा लावावा तसं लावतात.

किटलीतनं सुद्धा नेता येतं.

बाहेर वारा चालू होता. मी आत्यांकडं बघितलं. त्या कागदाकडं बघत होत्या. त्यांच्या हातात तांदूळ निवडायचं सूप होतं, आणि त्यांची बोटं तांदळात तशीच थांबली होती.

"हे काय?" शौकतभाई म्हणाले. "रंगाची खपली म्हणावी, तर आपण रंग कुठं..."

ह्यांनी डावा हात पुढं केला. खपली उचलली. दोन बोटांत चुरली. नाकापाशी नेली. रुईच्या पानांचा, शेंदराचा, जुन्या तेलाचा तो वास मला लांबून येत होता, म्हणजे त्यांना आलाच असणार. ज्याच्या नावानं त्यांचं नाव ठेवलं होतं त्याचा वास होता तो. लहानपणापासून आईच्या पदराला येणारा.

"गंज," हे म्हणाले.

"गंज? नव्या झडपेला?"

"गंजच हाय, शौकतभाई."

शौकतभाईंनी ह्यांच्या बोटांकडं बघितलं. बोटं लाल झाली होती. मग त्यांनी मान वर करून एकदा उंबऱ्याकडं बघितलं आणि लगेच खाली घातली.

"असंल," म्हणाले. "पठारावरची हवाच बेकार." आणि कागदाचा बोळा करून खिशात घातला. ओसरीवर टाकला नाही, चुलीत दिला नाही. स्वतःबरोबर घेऊन गेले.

आत्यांनी तांदूळ निवडायला सुरुवात केली.

पुढचा शनिवार आला. आत्यांनी आंघोळ केली, वाटीत तेल घेतलं, डोक्यावरून पदर घेतला आणि अंगणात गेल्या. बांधापर्यंत गेल्या. तिथं उभ्या राहिल्या. मी शमीला भरवता भरवता बघत होते. त्या बराच वेळ उभ्या होत्या. मग वाटी घेऊन परत आल्या, बाजेशी खाली बसल्या, आणि ह्यांचा हात मांडीवर घेऊन बोटांना तेल लावू लागल्या.

"आई, ऱ्हाऊ दे," हे म्हणाले. "मला काय कळत न्हाई चोळल्यालं."

"मला कळतंय की," आत्या म्हणाल्या.

त्यानंतर ह्यांच्या बोटांना तेल लावल्याशिवाय त्यांचा एकही शनिवार गेला नाही. मारुतीला त्या जायच्या, पण रिकाम्या हातानं. लांबून नमस्कार करून यायच्या. गावात कुणी विचारलं तर सांगायच्या, नवस फिटला. ह्यांच्या बोटांना जाणीव काही परत आली नाही. हे डाव्या हातानं लिहायला शिकले, पाना धरायला शिकले. चक्की पुन्हा सुरू केली. वर चढायला आता दुसरा माणूस येतो. सुरू करायच्या आधी ह्यांनी पिंपाच्या तोंडावर बारीक जाळी बसवली, घट्ट, चारी बाजूंनी रिव्हेट मारून. शौकतभाई म्हणाले होते, सरळ कुलूप घाल. हे म्हणाले, "कुलूप नगं. जाळी बास." ती जाळी दर रविवारी बघायचं काम माझ्याकडं आलं. मी कुणी न सांगता ते घेतलं. जाळीवर धूळ असायची, कधी एखादा किडा. लाल काही कधी सापडलं नाही.

आत्या गेल्या त्याला आता वर्ष होईल. शमी कॉलेजात आहे. दिवसकार्य झाल्यावरच्या शनिवारी दुपारी हे ओसरीवर येऊन बसले आणि तो हात मांडीवर उलटा ठेवला. मी वाटी आणली. त्यांची बोटं गार होती, नखं नीट कापलेली. आत्याच कापायच्या. मी तेल लावू लागले. करडईचंच.

"तुला तवाच कळलं हुतं न्हवं?" हे म्हणाले.

"हो."

"आन् आपल्याला कळलंय, ते तिलाबी कळलं हुतं."

"हो."

"मग एवढी वर्षं कुणीच कसं बोललं न्हाई?"

मी अंगठ्यापासून करंगळीपर्यंत पुन्हा एकदा चोळत गेले.

"बोलून काय काटा वर चढणार होता?"

हे हसले. मग हसायचे थांबले. मांडीवरचा हात त्यांनी दुसऱ्या हातानं उचलून नाकापाशी नेला आणि तसेच बसून राहिले, डोळे मिटून. मी बघत होते. माझ्या आत काहीतरी यावं म्हणून मी थोडा वेळ वाट बघितली. शमी झोपेत श्वास घेतेय ना, म्हणून पूर्वी तिच्या नाकापुढं बोट धरायची, तशी.

वाटीत थोडं तेल उरलं होतं. ते टाकवेना. मी चक्कीपाशी गेले, झाकण उचललं, आणि ते तेल पिंपात ओतलं. जाळीतून ते सरळ खाली गेलं. स्वच्छ, पिवळं. मागं काही उरलं नाही. मी तरी वाकून बघितलं.